विहिरी आर्क्टिकला गेल्या, तर दोष लीफलेटचा नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पारनेर तालुक्यातल्या सुमारे १,८०० विहिरींची नोंद तुमच्या गटानं दोन उन्हाळ्यांत गोळा केली. ती एक्सेलमध्ये आहे. तुम्ही लीफलेट, म्हणजे वेबपानावर नकाशा दाखवायचं फुकट साधन, शिकून तिचा नकाशा केलात, पण तीन ठिकाणी अडलात. पाच-पन्नास विहिरी नॉर्वेच्याही वर, बर्फाळ समुद्रात दिसतात. पहिल्या ४११ विहिरी उमटतात, पुढच्या उमटतच नाहीत. आणि लॅपटॉपवर बरा चालणारा नकाशा कार्यकर्त्यांच्या फोनवर मिनिटभर गोठून बसतो. म्हणून तुम्ही विचारता, की लीफलेट सोडून मॅपलिब्र हे तसलंच दुसरं साधन घ्यावं, की सरळ गूगल मॅप्सचे पैसे भरावेत?

माझं उत्तर: आज तरी काहीच बदलू नका. मी बारा-तेरा वर्षं असले नकाशे करतो आहे. तुमच्या तिन्ही अडचणी मी लीफलेटवर पाहिल्यात, गूगलवर पाहिल्यात आणि मॅपलिब्रवरही पाहिल्यात. त्या तुमच्या माहितीतून, म्हणजे तक्त्यातून आणि फाईलींतून येतात आणि टूल बदललं तरी सोबत येतात. तुम्ही नवं टूल शिकण्यात महिना घालवाल आणि विहिरी तिथंही बर्फातच राहतील.

आधी त्या बर्फातल्या विहिरी बघू. पारनेर साधारण १९.०० उत्तर अक्षांश आणि ७४.४४ पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटे करा, म्हणजे अक्षांश ७४.४४ आणि रेखांश १९.००. तिथं खरोखर जमीन आहे! बेअर आयलंड नावाचं नॉर्वेचं बेट, एक हवामान केंद्र आणि बाकी समुद्रपक्षी. पारनेर शहरातली विहीर उलटली की नेमकी त्या बेटावर पडते, आसपासच्या गावांतली असेल तर कडेच्या पाण्यात. तालुका बदलला की बेट हुकतं, तेव्हा या बाबतीत तुमचा तालुका नशीबवान म्हणायचा.

हे होतं कशानं? आपण शाळेपासून 'अक्षांश-रेखांश' याच क्रमानं म्हणत आलो. लीफलेटही मार्कर, म्हणजे जागेची खूण, ठेवताना आधी अक्षांश मागतं. जिओजेसन, म्हणजे नकाशाची माहिती साठवायची फाईल-पद्धत, हिचं मात्र उलटं आहे. २०१६ साली तिचं जे प्रमाण ठरलं त्यात आधी रेखांश, मग अक्षांश, कारण ते भूमितीच्या क्ष-य क्रमानं चालतं. लीफलेटला अख्खी जिओजेसन फाईल दिली तर ते स्वतःच अदलाबदल करून घेतं. तुम्ही मात्र फाईलमधून आकडे उचलून हातानं मार्कर ठेवलेत तर घोटाळा तुमचा.

पण तुमच्याकडे सगळ्या विहिरी उलटलेल्या नाहीत, काहीच उलटल्या आहेत. माझ्या दृष्टीनं हा सगळ्यात कामाचा धागा. सगळ्याच उलटल्या असत्या तर चूक कोडमध्ये असती. थोड्याच उलटल्या, याचा अर्थ कुणीतरी फॉर्म भरताना रकाने बदलले. त्या ओळी गाळून घ्या आणि कुणी भरल्यात ते पाहा. बहुधा एकाच माणसाचं, एकाच आठवड्याचं काम निघेल. दुरुस्ती सोपी आहे. तुमच्या तालुक्यात अक्षांश १८.५ ते १९.५ आणि रेखांश ७४ ते ७५ यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. ज्या ओळीत अक्षांश सत्तरच्या वर आहे ती उलटवून घ्या. जी दोन्हीकडून बसत नाही ती बाजूला काढा आणि माणसाला फोन करा. अंदाजानं 'नीट' करू नका.

आता ४११ चं कोडं. तुमचा लूप एकेक ओळ घेऊन मार्कर ठेवतो. ४१२ व्या नोंदीत लीफलेटला आकडा म्हणून जे मिळालं ते आकडाच नव्हतं. त्यानं चूक फेकली, लूप तिथंच मेला, आणि मागच्या चौदाशे विहिरी रांगेत उभ्या राहिल्या. ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे चुकांचे निरोप दाखवणारी खिडकी, उघडा, लाल ओळ दिसेलच. शीर्षकाची ओळ धरून एक्सेलमध्ये ती ४१३ वी ओळ. पैज लावून सांगतो, की तिथं पुढच्यापैकी एक काहीतरी असेल: आकड्यामागे लिहिलेलं 'उ.' किंवा अंशाचं चिन्ह, दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम, किंवा देवनागरी आकडे. शेवटचं आपल्याकडेच घडतं. मराठी कीबोर्ड सुरू असताना कुणीतरी '१९.०४' लिहितं. तुम्हाआम्हाला तो आकडा आहे, जावास्क्रिप्टला ती नुसती अक्षरं. जावास्क्रिप्ट त्यांना 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नाही' असं म्हणून परत करते. वाचायच्या आधी दहा अंकांची अदलाबदल करणारी एक ओळ टाकली की हे संपतं.

रिकाम्या रकान्यांची खोड याहून वाईट, कारण ती गप्प असते. आकडा करायच्या एका पद्धतीत रिकाम्या जागेचं 'नॅन' होतं आणि निदान आरडाओरड तरी होते. दुसऱ्या पद्धतीत तिचं शून्य होतं. शून्य अक्षांश, शून्य रेखांश ही पृथ्वीवर खरीखुरी जागा आहे, पश्चिम आफ्रिकेच्या बाजूला गिनीच्या आखातात, भर समुद्रात. नकाशा लांब करून तिथं पाहा. तुमची एखादी विहीर तिथं सापडली तर मला नवल वाटणार नाही.

जीपीएसच्या आकड्यांचा एक घोळ मात्र डोळ्यांना दिसत नाही. काही उपकरणं अंश-मिनिट-सेकंद दाखवतात. कुणी १९ अंश ५ मिनिटं ३० सेकंद हे '१९.०५३०' असं उतरवून घेतलं तर विहीर तालुक्यातच राहते, तुमच्या चाळणीतूनही पार होते. पण बरोबर आकडा आहे १९.०९१७. फरक सव्वाचार किलोमीटरचा, म्हणजे विहीर शेजारच्या गावात. यावर उपाय एकच, तक्त्यात गावाचं नाव आहे त्याची गावाच्या सीमेशी गाठ घालून बघायची. बिंदू एका गावात आणि नाव दुसऱ्याचं असेल तर ओळ लाल करा. मला वाटतं नकाशाचा तुम्हाला पहिला खरा फायदा इथंच होईल, लोकांना दाखवण्याआधीच.

तक्ता उघडलाच आहात तर आणखी दोन रकाने तपासा. खोलीचा रकाना: कुणी फूट लिहिलेत, कुणी मीटर, आणि जुन्या माणसानं सांगितलेलं तसंच उतरवलं असेल तर 'सात परस'. परस म्हणजे पुरुषभर उंची, आणि पुरुष गावागणिक वेगळा. मूळ शब्द एका रकान्यात तसाच ठेवा, मीटर दुसऱ्यात लिहा, मूळ पुसू नका. दुसरा रकाना तारखेचा. '५/६' म्हणजे पाच जून की सहा मे, हे एक्सेल संगणकाच्या सेटिंगप्रमाणे परस्पर ठरवून टाकतं. पर्जन्यछायेतल्या तालुक्यात सहा मेची पाणीपातळी आणि पाऊस पडून गेल्यावरची जूनची पातळी यांत जमीन-अस्मानाचा फरक. तारीख नसलेली पाणीपातळी नकाशावर रंगवूच नका.

एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुराची फाईल) काढताना 'यूटीएफ-८' असा स्पष्ट पर्याय निवडा, नाहीतर गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते. आणि काही नावं इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखी दिसत असतील तर ती जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. ती कन्व्हर्टरमधून काढावी लागतील, आणि मग एकदा डोळ्यांखालून घालावी लागतील, कारण जोडाक्षरं हमखास दगा देतात.

आता फोन गोठण्याबद्दल. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत, की गावांच्या सीमांची २२ एमबीची जिओजेसन फाईलही चढवली आहे. चोर तोच! १,८०० बिंदूंचं वजन अर्धा एमबी भरेल, सर्व्हरवर जीझिप (फाईल दाबून पाठवायची सोय) सुरू असेल तर पाठवताना आणखी कितीतरी कमी. बावीस एमबी मात्र फोनला आधी गावच्या रेंजवर उतरवून घ्यायचे, मग वाचायचे, मग प्रत्येक सीमेचे हजारो कोपरे काढायचे. त्या सीमा ओढ्याच्या प्रत्येक वळणासकट आखलेल्या असतात आणि तुमच्या पडद्यावर ते वळण एका ठिपक्याएवढंही नसतं.

मॅपशेपर नावाचं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्येच चालतं. त्यात फाईल टाका, 'सिम्प्लिफाय' करा आणि सरकपट्टी हळूहळू खाली आणत बघा. दहा टक्के कोपरे ठेवले तरी तालुक्याच्या नकाशावर डोळ्याला फरक कळत नाही. मॅपशेपरच का, तर ते दोन गावांमधली सामाईक सीमा एकच रेघ म्हणून सांभाळतं. प्रत्येक गाव सुटं सुटं छाटणारी साधनं वापरलीत तर दोन गावांमध्ये फटी पडतात, आणि मग सभेत कुणीतरी विचारतं, ही मधली जमीन कुणाची? निर्यात करताना दशांश स्थळंही पाचवर आणा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून पाचवं स्थळ साधारण एका मीटरचं. तुमचा फोन मोकळ्या रानात चांगला असला तर चार-पाच मीटरपर्यंत जातो. चौदा स्थळांचे आकडे हा नुसता कचरा.

बिंदूंनाही थोडं हलकं करा. लीफलेटचा नेहमीचा निळा मार्कर म्हणजे एक चित्र आणि त्याची सावली हे दुसरं चित्र. १,८०० विहिरींची ३,६०० चित्रं पानावर लटकतात आणि नकाशा सरकवला की सगळी हलतात. त्याऐवजी 'सर्कल मार्कर' घ्या आणि नकाशा बनवताना 'प्रिफर कॅनव्हास' सुरू करा, म्हणजे सगळी वर्तुळं एकाच कॅनव्हासवर, एकाच चित्रात, रंगतात. एवढ्यावर स्वस्तातला फोनही पळायला लागतो.

लोक इथं 'क्लस्टर' वापरा म्हणून सांगतील, म्हणजे जवळच्या बिंदूंचं एक मोठं वर्तुळ आणि त्यात '४७' असा आकडा. दुकानं शोधायच्या नकाशावर ते ठीक. विहिरींवर मला ते पटत नाही. त्या ४७ मधल्या चाळीस कोरड्या आहेत की चार, हेच तर बघायचं असतं, आणि क्लस्टर नेमकं तेच झाकतं. लहान वर्तुळं एकमेकांवर चढू द्या. ओढ्याच्या काठानं निळी रांग आणि माळावर कोरड्यांचा पुंजका दिसला, की नकाशानं काम केलं. रंगात लाल-हिरवं टाळा, बऱ्याच पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही. पाणी असलेली विहीर भरीव निळी आणि कोरडी विहीर पोकळ वर्तुळ, असं मी करतो. आतून रिकामं वर्तुळ कोरडं आहे हे कुणाला सांगावं लागत नाही.

मॅपलिब्रकडे का जाऊ नका, याला एक मराठी कारणही आहे. २०२० च्या डिसेंबरात मॅपबॉक्स या कंपनीनं आपल्या जीएल लायब्ररीचा मुक्त परवाना बंद केला तेव्हा मोकळ्या आवृत्तीतून मॅपलिब्र निघालं. साधन उत्तम आहे. नकाशा फिरतो, तिरका होतो, लाख बिंदू सहज पेलतो. पण ते गावांची नावं स्वतः रंगवतं, आणि देवनागरीची जोडाक्षरं व वेलांट्या जुळवणं हा त्याचा पूर्वीपासूनचा कच्चा दुवा. मी एका कामात 'शिरूर' असं दिलं आणि पहिली वेलांटी 'श'च्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. 'क्ष' आणि 'ज्ञ' तर फुटलेच. लीफलेटमध्ये तुम्ही टूलटिप (बिंदूजवळ उमटणारी पाटी) म्हणून लिहिलेलं नाव साधं एचटीएमएल असतं, ते ब्राउझर रंगवतो, आणि ब्राउझरला मराठी येतं. नावं मराठीत दिसणं तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल, आणि असणारच, तर कीव्हच्या व्होलोदिमिर आगाफोन्किन यांनी २०११ साली काढलेलं हे ४२ केबीचं लीफलेट तुम्हाला पुरून उरेल.

गूगलचं परिस्थितीवर आहे. रस्ता दाखवायचा असेल, पत्ता शोधायचा असेल, तर त्याला तोड नाही. पण २०१८ पासून त्यासाठी बिलिंग खातं आणि कार्ड जोडावं लागतं. तुमच्या गटात ते कार्ड कुणाचं? नकाशा एखाद्या बातमीत आला आणि भेटी वाढल्या तर बिल कोण भरणार? याचं उत्तर बैठकीत आधी ठरत असेल तर जरूर घ्या. विहिरी दाखवण्यापुरती मात्र त्याची गरज नाही.

पार्श्वभूमीच्या चित्रांबद्दल, म्हणजे टाइल्सबद्दल, तीन गोष्टी सांगतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल्स फुकट दिसतात, पण तो सर्व्हर देणग्यांवर चालतो. कोपऱ्यातलं श्रेय काढू नका आणि 'ऑफलाइन वापरू' म्हणून टाइल्स घाऊक उतरवू नका, त्याला मनाई आहे. (झूमच्या अठराव्या पातळीला जगभराच्या टाइल्स ६,८७१ कोटींवर जातात, प्रत्येकानं थोड्या थोड्या म्हणून उतरवल्या तरी काय होईल बघा.) ऑफलाइन हवंच असेल तर आपल्या भागाची 'पीएमटाइल्स' फाईल (सगळ्या टाइल्स एकाच फाईलमध्ये) करून घ्या, मात्र ती मॅपलिब्रनं दाखवलीत तर नावांची वरची अडचण लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट कायद्याची. भारताची बाह्य सीमा सर्वेक्षण खात्याच्या नकाशापेक्षा वेगळी छापणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅपचा नेहमीचा नकाशा सीमा ताब्याप्रमाणे दाखवतो. तालुक्याच्या नकाशाला काश्मीर दिसायचं कारणच नाही. किमान झूम दहावर ठेवा आणि सरकण्याची मर्यादा तालुक्याभोवती बांधा. त्यामुळे नकाशा भरकटतही नाही. तिसरी गोष्ट, शेतकऱ्याला रस्त्यांच्या नकाशावर स्वतःचं शेत सापडत नाही, उपग्रहाच्या चित्रावर चटकन सापडतं. बांध, झाड, शेततळं यांवरून तो ओळखतो. तो थर बटणावर ठेवाच.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक सांगतो, कारण मी यात पोळलो आहे. एका नकाशाच्या तक्त्यात विहीरमालकांचे फोन नंबर होते. मी ते पॉपअपमध्ये दाखवले नाहीत आणि निश्चिंत झालो. फाईल मात्र तीच चढवली होती, सगळ्या रकान्यांसकट. जिओजेसन म्हणजे उघडं पान, ब्राउझरमध्ये दोन क्लिकांत कुणालाही वाचता येतं. महिन्याभरात मालकांना बोअरवाल्यांचे फोन यायला लागले, 'तुमची विहीर आटली ना?' म्हणून. माफी मागत मी गावं फिरलो. लोकांसाठी चढवायची फाईल वेगळी काढा आणि त्यात विहिरीचा क्रमांक, गाव, खोली, पातळी, तारीख एवढंच ठेवा. नाव-नंबर तुमच्या तक्त्यात, त्याच क्रमांकाखाली.

आणि सभेत दाखवण्याआधी ही एक तालीम करा. शाळेच्या हॉलमध्ये मी एकदा नकाशा टॅबच्या मागे लपवून ठेवला होता, 'आता बघा' म्हणून टॅब दाबला, तर डाव्या कोपऱ्यात चतकोर नकाशा आणि बाकी सगळं राखाडी. मागून एक आजोबा म्हणाले, "बाकीचा तालुका धुक्यात गेला व्हय?" लीफलेट सुरू होताना आपल्या चौकटीचं माप घेतं, आणि चौकट लपलेली असेल तर माप शून्य येतं. टॅब उघडल्यावर 'इनव्हॅलिडेट साइझ' बोलावलं की झालं. याचंच भावंड म्हणजे पूर्ण कोरं पान. तिथं सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, चौकटीला उंची द्यायची राहिलेली असते. 'माझं ठिकाण' हे बटण तुमच्या लॅपटॉपवर चालेल आणि चढवल्यावर चालणार नाही, तर पत्ता एचटीटीपीएस आहे का ते बघा. त्याशिवाय ब्राउझर फोनचं ठिकाण देतच नाही.

थोडक्यात क्रम असा धरा: कन्सोल उघडून ४१३ वी ओळ, मग उलटलेल्या विहिरी, मग सीमांची फाईल बारीक, मग वर्तुळं कॅनव्हासवर. पहिल्या दोन कामांना एक संध्याकाळ पुरेल. गावाच्या नावाशी बिंदू जुळवायला मात्र आठवडा धरा, कारण त्यात फोन करावे लागतात आणि लोक दुपारी शेतात असतात. ४१३ दुरुस्त केल्यावर नकाशा पुढच्या एखाद्या ओळीवर पुन्हा थांबला तर घाबरू नका, तसलाच आणखी एक आकडा असेल. प्रत्येक वेळी हातानं शोधण्यापेक्षा लूपमध्ये वाईट ओळ वगळा आणि तिचा क्रमांक कन्सोलवर छापा, म्हणजे सगळी यादी एकदम हातात येईल. ती यादी आणि त्या ओळी इथं टाका, मालकांची नावं काढून. मी बघतो.